पक्कड कुठं आहे?

(बचत गट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या घरदुरुस्ती शिबिरातलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सकाळी नावनोंदणीच्या टेबलाशी मी तुम्हा प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला. तुमच्या घरात पक्कड कुठं आहे? बऱ्याच जणींनी पटकन सांगितलं, ओट्याच्या बाजूला खिळ्याला अडकवलेली असते. मी म्हटलं, ती नव्हे, पातेलं उतरवायची नव्हे. तार पिळायची, खिळा उपटायची पक्कड. मग मात्र थांबलात. 'असेल ह्यांच्या गाडीच्या डिकीत.' 'माळ्यावर पत्र्याची पेटी आहे, तिच्यात बघावं लागेल.' 'धाकट्या दिरानं नेली होती दिवाळीत.' एकीनं तर सांगितलं, 'आमच्यात ते मालकांनाच ठाऊक.'

नाव एकच, पक्कड. घरात आहेत दोन. एकीवर तुमचा हात दिवे गेले तरी बरोबर पडतो. दुसरी कुठं आहे हे कुणाला तरी विचारावं लागतं, आणि तो कुणीतरी घरी नसला तर काम तसंच राहतं.

हे शिबिर ठरलं तेव्हा आमच्या संघटनेतल्या एक जुन्या ताई मला म्हणाल्या, 'अगं, हत्यारं कुठं ठेवायची हा काय भाषणाचा विषय झाला? बायकांपुढं काय कमी प्रश्न आहेत?' कमी नाहीत, मान्य आहे. पण श्रमविभागणी, श्रमविभागणी असं आपण इतकी वर्षं म्हणतो, ती घरात नेमकी राहते कुठं? नुसती माणसांच्या डोक्यात राहत नाही. ती माळ्याच्या उंचीत राहते, पेटीच्या कुलपात राहते. नळ गळायला लागतो. वॉशर बदलायचा, एवढंच काम. पाना सापडत नाही म्हणून आठ दिवस नळाखाली बादली ठेवायची आणि रात्री उठून ती बाईनंच ओतायची. आठव्या दिवशी तो पाना घेऊन येतो, पंधरा मिनिटांत वॉशर बदलतो, आणि घरभर नाव होतं की दुरुस्ती त्याने केली. आठ दिवस ओतलेल्या बादल्यांचा हिशेब कुठंच नाही. ज्या घरात 'तो' नाहीच, म्हणजे एकल बायका, टाकलेल्या बायका, नवरा पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या बायका, तिथं तर एवढ्याशा कामाला बाहेरचा माणूस बोलवायचा, तो मागेल ते द्यायचं, आणि वर शेजारपाजारच्या नजरा सोसायच्या.

मी कोण हे थोडक्यात सांगते. मी आय.टी.आय. झालेली फिटर. कोल्हापुरात आधी उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये आणि नंतर शिरोलीच्या एम.आय.डी.सी.त नोकरी केली. आता घराच्या मागच्या पडवीत, पाच फूट बाय नऊ फूट जागेत, माझं स्वतःचं काम चालतं. मिक्सर, कुकर, सायकली, दारांच्या बिजागऱ्या, शिलाई मशिनं. हत्यारं हाताचीच, एक ड्रिल मशीन सोडलं तर.

कारखान्यात मी पहिल्यांदा शिकले ती टूल स्टोअरची खिडकी. प्रत्येक कामगाराला त्याच्या नंबराचे पितळी बिल्ले मिळत. खिडकीत बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं. आतला माणूस त्या हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर तुमचा बिल्ला टांगायचा. म्हणजे भिंतीकडं नुसतं बघितलं तरी कळायचं, कुठली कानस कुणाकडं आहे. वही नको, आठवण नको, भांडण नको. इतकी साधी आणि चोख पद्धत मी दुसरीकडं पाहिली नाही, सरकारी कचेरीत तर नाहीच.

पण त्याच कारखान्यातली दुसरी गोष्टही सांगते. आमच्या खात्यात रोजच्या वापराचे पाने जिथं टांगलेले होते ती पट्टी होती साडेसहा फुटांवर. उंच पुरुषाच्या हाताला ती बरोबर होती. मला दर वेळी कुणाला तरी 'दादा, जरा तो पाना काढून द्या' म्हणावं लागायचं. स्टूल मागितलं तर हसले. मग मी लेखी अर्ज दिला की पट्टी खाली घ्यावी. बरेच महिने तो अर्ज नुसता फिरला, अखेर पट्टी दीड फूट खाली आली. आणि गंमत बघा, खात्यातले बुटके पुरुष, वय झालेले, खांदा धरलेले असे दोघेतिघे मला येऊन सांगून गेले, बरं झालं बाई. इतकी वर्षं त्यांनाही ती उंची जाचत होती, पण बोलणार कोण?

तेव्हा मांडणी कशी करायची याचा माझा पहिला नियम हा, की घरात हत्यार वापरणाऱ्यांत जी सगळ्यांत ठेंगणी, तिची उंची प्रमाण धरायची. तिनं सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. तिच्या कमरेपासून डोळ्यांपर्यंतची भिंत ही रोजच्या हत्यारांची जागा. त्याच्या वर क्वचित लागणारी, कमरेखाली जड. पहार, मोठा पाइप पाना, घण हे जमिनीलगतच हवेत, डोक्यावर नकोत. माळ्यावर काहीही नको. जे हत्यार काढायला शिडी लागते आणि शिडी धरायला दुसरं माणूस लागतं, ते हत्यार बाईच्या घरात असून नसल्यासारखंच.

तुम्ही म्हणाल, आम्हाला हे नवीन शिकावं लागेल. मुळीच नाही. मिसळणाचा डबा आठवा. मोहरी कुठल्या वाटीत आहे हे बघायला तुम्ही मान खाली घालता का? तेल तापलेलं असतं, हात आपोआप जातो. जास्त लागणारी वाटी हाताशी, हिंग वेगळ्या डबीत, कारण त्याचा वास सगळ्यांना लागतो. भिंतीवरची मांडणी बघा, ताटं ताटांत, पेले उपडे, झारा-उलथनं आकड्याला. वस्तूचा वापर, वजन, ओल, धार या सगळ्याचा विचार करूनच ते लावलेलं असतं. शिवण येणारीचं मशीन बघा. त्याच्या खणात छोटा स्क्रू ड्रायव्हर, तेलाची कुपी, बॉबिन, सुया हे सगळं जागच्या जागी असतं. घरातलं सगळ्यांत नीट लावलेलं वर्कशॉप तेच. फक्त त्याला कुणी वर्कशॉप म्हणत नाही. आणि एक पाना, एक कानस, दोन करवती पत्र्याच्या पेटीत कोंबलेल्या असल्या, की ते मात्र 'त्यांचं वर्कशॉप'.

इथं एक धोका आहे. आपण बायका आवरण्यात पटाईत आहोत हे घरच्यांना फार चांगलं माहीत असतं. तुम्ही आज इथून घरी जाल आणि उत्साहानं सांगाल, हत्यारं कशी लावायची ते शिकले. लगेच उत्तर येईल, 'बरं झालं, माझी पेटी लावून दे.' म्हणजे वापरणार तो, पसरणार तो, आणि तेल लावून जागेवर ठेवणार तुम्ही. धुण्याभांड्यांत आणखी एकाची भर. त्यासाठी आपण हे शिबिर घेतलेलं नाही. ज्याच्या हातानं काढलं त्याच्याच हातानं परत गेलं पाहिजे, मग तो नवरा असो, मुलगा असो की सासरे. आणि सुरुवात त्याच्या पेटीपासून करूच नका. सुरुवात स्वतःच्या हत्यारांपासून करा, मग ती चारच असेनात.

चार म्हणजे कोणती, हेही सांगते. एक पक्कड, दांड्यांना अखंड इन्सुलेशन असलेली. दुकानदार आठ इंची देईल. तुम्ही ती पूर्ण उघडून हातात धरून बघा. बोटं दोन्ही दांड्यांभोवती नीट बसत नसतील तर सहा इंची घ्या. जोर थोडा कमी लागेल, पण हातातून निसटणार नाही. दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चपटा, एक फुलीचा. हातोडी तीनशे ग्रॅमची पुरे. पाचशेची घेतली तर मनगट दुखतं आणि मग आपण म्हणतो, हे बायकांचं काम नव्हे. काम बायकांचंच असतं, हातोडी दुसऱ्याच्या मापाची असते. चौथा, पुढंमागं होणारा एक पाना. त्यानंतर जमेल तसा टेस्टर, टेप, कानस, करवत. बिल स्वतःच्या नावावर घ्या. हे का, ते पुढं सांगते.

आता प्रत्यक्ष मांडणी. जुन्या दाराची फळी किंवा अर्ध्या इंचाचा प्लायवूडचा तुकडा घ्या, चार फूट बाय तीन फूट मिळाला तर उत्तम. तो भिंतीला थेट ठोकू नका. मागं एक इंच जाडीच्या दोन पट्ट्या द्या म्हणजे फळीमागून हवा खेळती राहील. पावसाचा मारा असलेल्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, न्हाणीशेजारी नको, चुलीच्या किंवा गॅसच्या वरही नको, तिथं वाफ आणि तेलकटपणा असतो. फळी जमिनीवर आडवी ठेवून सगळी हत्यारं तिच्यावर मांडा आणि एकेक उचलून बघा, हात दुसऱ्याला लागतो का, धारेला लागतो का. रोजची मध्ये, बाकीची कडेला. मग खिळे मारा, फळी उभी करा आणि प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलीनं आकार काढा. रंगानं लगेच रंगवू नका. आठ दिवस वापरून बघा. दोन-तीन हत्यारांच्या जागा बदलाव्याशा वाटतीलच. त्या बदलल्या की मग पेन्सिलीच्या रेषेवर रंग फिरवा. त्यानंतर एखादा आकार रिकामा दिसला की हत्यार घरात नाही. कारखान्यातल्या बिल्ल्याचं काम इथं ती रेषा करते. हवं तर बिल्लाही करा, जो नेईल त्याच्या नावाची चिठ्ठी त्या खिळ्याला.

हातोडी दोन खिळ्यांच्या मध्ये, डोकं वर. पाने मापाच्या क्रमानं, लहानाकडून मोठ्याकडं, आणि खाली आकडा लिहिलेला, दहा-अकरा, बारा-तेरा असा. पान्यावरचा आकडा झिजला तरी फळीवरचा राहतो, आणि नुकती अक्षरओळख झालेली बाई एकदा आकड्याला आकडा जुळवायला लागली की तिला कुणी सांगावं लागत नाही. स्क्रू ड्रायव्हरसाठी एका लाकडी पट्टीला भोकं पाडा. पटाशीची धार दुसऱ्या कशाला लागता कामा नये. कानशी एकमेकींवर ठेवू नका, एकीचे दात दुसरी बोथट करते. प्रत्येकीला वेगळी जागा, आणि कानशीला लाकडी मूठ हवीच. मुठीवाचून वापरली तर मागचं टोक तळहातात घुसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. करवतीच्या दातांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिरून बसवा. रंध्याचं पातं आत ओढून ठेवा. खिळे, स्क्रू, वॉशर यांच्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरण्या घ्या, काचेच्या नकोत. बरणीचं झाकण फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूनं पक्कं करायचं आणि बरणी खालून फिरवून बसवायची. जागा वाचते, सांडत नाही.

गंज. कोल्हापूरच्या पावसात हा विषय फार मोठा. कोकणातल्या मैत्रिणी आल्या आहेत, त्यांच्याकडं तर खारी हवा. लोखंडाला ओल आणि हवा दोन्ही मिळाली की गंज धरतो, आणि आपल्या हाताच्या घामातलं मीठ त्याला मदत करतं. म्हणून काम झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसणं हा अर्धा इलाज. उरलेला अर्धा म्हणजे शिलाई मशिनच्या तेलाचा हलका हात. गोडेतेल, खोबरेल लावू नका, काही दिवसांनी ते चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. तेल लोखंडालाच लावायचं. मुठीला आणि हातोडीच्या तोंडाला नको, हात सटकतो. लाकडी दांड्यांना वर्षातून एकदा जवसाचं तेल मुरवा. पण ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. ते उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच टाका. ओलं हत्यार बंद पेटीत, गोणपाटात किंवा चामड्याच्या म्यानात ठेवलं की आठवड्यात लाल होतं.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. बहुतेक घरांत घासूनपुसून ठेवायचं काम बायकोचं आणि पूजा त्याची. वर्षातून एकदा ज्या हत्याराला तिचा हात चालतो, त्याच हत्याराला एरवी हात लावला तर 'तुला काय कळतं त्यातलं?' बाईनं नांगर धरू नये हा आपल्याकडं जुना दंडक. पेरणीच्या वेळी मागं वाकून बी टाकायला, खुरपायला, कापायला मात्र बाईच. खुरपं आणि विळा तिचा, नांगर त्याचा. आणि जमीन कुणाच्या नावावर, ते सांगायला नको. पूजा करायची तर अवश्य करा, मीही करते. फक्त दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, ओलं गंध लोखंडावर राहिलं की त्याखाली गंज धरतो.

आता एक अवघड गोष्ट. मागे एका शिबिरात मी असंच भिंतीवरच्या फळीबद्दल बोलत होते. एक बाई उठून म्हणाली, 'बाई, तुम्ही हातोडी भिंतीवर टांगायला सांगता. आमच्याकडं रोज संध्याकाळी तो पिऊन येतो. हाताला लागेल ते फेकतो.' सभा गप्प झाली. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. जिथं मारहाण आहे तिथं उघडी फळी नको. तिथं कुलपाची पेटी हवी. ती पेटी घरात ठेवणंही धोक्याचं वाटत असेल तर शेजारणीकडं, गटाच्या कचेरीत, जिथं तुमचा विश्वास आहे तिथं ठेवा, आणि किल्ली तुमच्याजवळ. पण हत्यारं लपवली म्हणजे मारहाणीचा प्रश्न सुटला असं समजू नका. हात रिकामे असले तरी मारणारा मारतोच. त्या बाईसाठी आपल्या कार्यकर्त्या सल्ला केंद्रातून, पोलीस ठाण्यातून, कोर्टातून जे करतात ते करावंच लागेल. पेटीचं कुलूप ही त्यातली एक छोटी खबरदारी.

लहान मुलं असलेल्या घरातही थोडं असंच. धारेची हत्यारं तेवढी कुलपात, बाकीची फळीवर. मूल मोठं होईल तसं एकेक हत्यार त्याच्या हाती द्या. आणि मुलीला सायकल घेतली तर सायकलचा पाना तिच्याच दप्तरात जाऊ द्या, भावाच्या नको.

बिल स्वतःच्या नावावर घ्या म्हटलं ते का? आपल्या केंद्रात येणाऱ्या टाकलेल्या बायकांची कहाणी तुम्हाला पाठ आहे. ती अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडते. दागिने, भांडी, आणि तिनं पै पै साठवून घेतलेलं शिलाई मशीन आत राहतं. मशीन आत राहिलं म्हणजे तिची रोजची कमाई आत राहिली. प्रतिभा रानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट केलं की स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, आणि ते दाबून बसणाऱ्या सासरच्यांवर विश्वासघाताचा फौजदारी खटला होऊ शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातल्या १९ व्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट तिचं स्त्रीधन आणि तिच्या हक्काची इतर मालमत्ता परत द्यायचा हुकूम देऊ शकतात. या कायद्याला धर्माची अट नाही. पण कोर्टात प्रश्न येतो, हे मशीन, हे ड्रिल तुझंच कशावरून? म्हणून बिल हवं, हत्यारांची यादी हवी, फळीचा एक फोटो हवा, आणि हे सगळं घराबाहेर, गटाच्या कपाटात हवं. हत्यारावर खूण करा. आमच्या गटातल्या बायका दांड्यावर नेलपॉलिशचे ठिपके देतात. प्रत्येकीचा रंग वेगळा. टिकाऊ असतात, आणि तो रंग कुणी पुरुष आपला म्हणून सांगत नाही!

कर्जवसुलीबद्दलही एक माहिती घेऊन जा. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिचं ६० वं कलम. कोर्टाच्या हुकमानंसुद्धा काही वस्तू जप्त करता येत नाहीत. कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. आणि कारागिराची हत्यारं. बघा हं, कायदा लिहिणाऱ्यानं बायको मांडली ती भांड्यांच्या आणि अंथरुणाच्या ओळीत. हत्यारांच्या ओळीत कारागीर आहे, पण तो कारागीर बाई नसावा असं मात्र कुठंही लिहिलेलं नाही. शिलाईवर पोट असलेली, बुरूडकाम करणारी, माझ्यासारखी दुरुस्तीवाली, आपण सगळ्या त्या ओळीत उभ्या राहू शकतो. तेव्हा हप्ता थकला म्हणून कुणी मशीन उचलून न्यायला आलं तर आधी कोर्टाचा कागद मागा, आणि ताबडतोब संघटनेला कळवा. जी वस्तू त्याच कर्जासाठी तारण लिहून दिली असेल, तिची गोष्ट वेगळी. म्हणून सही करण्याआधी कागद वाचून घ्या, आणि पोटाची हत्यारं शक्यतो तारण देऊ नका.

सरकारी योजनेतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा कारागिरी त्यात आहेत, सुतार, लोहार, गवंडी, कुंभार, शिंपी, टोपल्या-झाडू विणणारे वगैरे. नोंदणी झालेल्या कारागिराला हत्यारांच्या संचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आहे. चांगली गोष्ट. पण नियम असा की एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. टोपल्या विणणाऱ्या घरात बांबू तो फोडतो, कामट्या ती तासते, विणतात दोघं. नाव कुणाचं लागणार? बहुतेक ठिकाणी ठरल्यासारखं त्याचंच. मग नवा संच येतो तो त्याच्या पेटीत जातो, आणि ती जुनाच कोयता वापरत राहते. नियम बदलावा ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. तोवर आपल्या गावात अर्ज भरले जातात तेव्हा आपल्या कार्यकर्तीनं तिथं बसायचं आणि विचारायचं, या घरात हात कुणाचा जास्त चालतो? बाईचा असेल तर नाव बाईचं.

शेवटी सामायिक पेटीबद्दल. काही हत्यारं एका घराला परवडत नाहीत आणि रोज लागतही नाहीत. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत महिला समाख्या कार्यक्रमातून दलित आणि कोल आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, त्यातल्या कित्येक तेव्हा लिहायला-वाचायला नुकत्याच शिकत होत्या. खोल बोअरचा पंप उघडायचा म्हणजे जड पाने, पाइप धरून ठेवायचे शिकंजे आणि चार जणींचे हात लागतात. असलं सामान कुणा एकीच्या पडवीत ठेवायचं नाही, ते गटाचं. आपल्याकडंही ड्रिल मशीन, पाइप पाना, मोठी शिडी गटानं घ्यावी. कुठं ठेवायची? सरपंचांच्या घरी नको, गटाच्या अध्यक्षबाईंच्या नवऱ्याच्या दुकानातही नको, तिथं ती महिन्याभरात त्याची होते. जिथं कुठल्याही जातीची बाई कधीही जाऊन मागू शकेल अशी जागा हवी. बालवाडीची खोली, समाजमंदिर, गटाचं कपाट. किल्ल्या दोन, वेगवेगळ्या वस्त्यांतल्या दोघींकडं. महिन्याच्या बैठकीत जसे पैसे मोजता, तशी हत्यारंही मोजायची.

माझं बोलणं झालं. आता चहा घ्या. मागच्या पडवीत सहा फळ्या ठेवल्या आहेत, प्रत्येक फळीशी पाच-सहा जणी बसा. हत्यारांचं पोतं मी मुद्दाम उलटं करून ठेवलं आहे, सगळं एकात एक अडकलेलं आहे, पटाशा तेवढ्या वेगळ्या फडक्यात गुंडाळल्यात. आधी पुसून घ्या, मग मांडा. प्रत्येक फळीची उंची तुमच्यातल्या ठेंगणीला उभी करून ठरवा, आणि तोवर खिळा ठोकू नका. गवंडीकाम करणाऱ्या दोघीजणी आल्या आहेत, भिंतीत गट्टी कशी बसवायची ते त्या दाखवतील.